वरचं दूध

‘काय न्यायला आलीस म्हणालीस?’

‘बाळाची शी, आजी.’

म्हातारीच्या हातातला चिमटा थांबला. सोप्यात भिंतीला टेकून ती चांदीच्या पैंजणाच्या कड्या एकात एक अडकवत बसली होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, माझ्या खांद्यावरच्या थर्मासकडं पाहिलं, आणि आत तोंड करून हाक मारली, ‘आक्काताई, हिकडं ये गं जरा. चांगली शिकल्याली पोरगी हाय, आन् पोराचं हागणं मागाय आलीया.’

आता केस पांढरे झाल्यावर याचं हसू येतं. तेव्हा कान लालबुंद झाले होते. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. मी कोल्हापूरला सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होते. नवजात बाळाच्या आतड्यात कोणकोणते जिवाणू वस्तीला येतात, त्यांतले गुणाचे कोणते, पोटातलं आम्ल आणि पित्त सोसून टिकतील आणि उद्या दुसऱ्या एखाद्या आजारी बाळाला औषधासारखे देता येतील असे कोणते, हे मला शोधायचं होतं. ऐकायला भारदस्त, पण प्रत्यक्षात काम म्हणजे गावोगाव लंगोट धुंडाळत हिंडणं. माझे वडील अभिमानानं सांगायचे, ‘आमची सुलभा डॉक्टर होणार.’ समोरच्यानं विषय विचारला, की त्यांना एकाएकी खोकला यायचा. बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं तर विषय ऐकून पोह्यांची बशी जी खाली ठेवली, ती पुन्हा उचललीच नाही.

तरी ते दिवस किती चांगले होते! भाड्याच्या खोलीतून सकाळी लुना काढायची, थर्मासात बर्फ भरायचा, निर्जंतुक डब्या रुमालात बांधायच्या आणि उसाच्या मळ्यांमधून निघायचं. अंगात रग होती आणि आपण काहीतरी मोठं शोधून काढणार यात तिळमात्र शंका नव्हती. आता माझ्या हाताखालच्या मुलींना सगळं बसल्याजागी मिळतं. पण दारात उभं राहून शिव्या खाण्यातली मजा त्यांना कुठून मिळणार!

आईच्या दुधावरची बाळं मला हवी तेवढी मिळत होती. अडलं होतं ते दुसऱ्या गटासाठी. तुलनेला वरच्या दुधावरची, म्हणजे जन्मल्यापासून गाईच्या नाहीतर शेळीच्या दुधावर असलेली बाळंही हवी होती, आणि ती सापडत नव्हती. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी या घराचं नाव सांगितलं. हुपरीच्या पुढचं छोटं गाव, चांदीकाम करणारे मोरबाळे. ‘सुनेचं दूध तोडलंय त्यांनी,’ नर्सबाई म्हणाल्या, ‘मी सांगून थकले. तुम्ही जा, पण म्हातारी खट आहे.’

खट म्हातारीचं नाव तानूबाई. ऐंशी उलटलेली, पण नजर अशी की कडीचा सांधा उघडा राहिला तर हातानं न चाचपता सांगायची. घरातले पुरुष मागच्या पडवीत भट्टीपाशी डाग द्यायला, म्हणजे सांधे जोडायला बसायचे. घर चालायचं ते मात्र सोप्यातून.

आक्काताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. या तिच्या सूनबाई. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यामागून ओवा आणि बाळंतशेपांच्या धुराचा लोट बाहेर आला. आतल्या खोलीत बाळंतिणीला शेक-शेगडी चालली होती. धूर नाकात गेल्याबरोबर म्हातारीला खोकल्याची अशी उबळ आली की मला वाटलं आता काही खरं नाही.

‘दार वढून घे की गं!’ ती कशीबशी म्हणाली. ‘मारतीस का मला?’

आक्काताईंनी शांतपणे दार ओढून घेतलं. ‘भट्टीच्या वाफंनं छाती गेलीया आत्तींची,’ सासूकडं पाहत त्या मला म्हणाल्या. ‘धूर सोसत न्हाई.’

मी माझं काम समजावून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘तान्ह्याचं काय बी घराभाईर द्यायचं नसतं. लंगोट न्हाई, केस न्हाई. कोन त्याच्यावर काय करंल, कुनी सांगावं?’

‘आजी, मी करणी करायला आले असते तर लुनावरून आले असते का?’

यावर ती खळखळून हसली. दात नव्हतेच, त्यामुळं सगळं तोंड हसलं. ‘बस,’ म्हणाली. मी बसले. आक्काताई चहा आणायला गेल्या, आणि मी धीर करून विचारलं, ‘आईचं दूध का तोडलं?’

‘वंगाळ हाय त्ये दूध.’

‘कशावरून?’

‘मुंगी मेली.’

मला कळलं नाही. मग तिनंच सांगितलं. बाळंतपण झालं की बाळंतिणीचं पहिलं दूध वाटीत काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी जगून वर आली तर दूध बाळाला द्यायचं. मेली तर ते दूध बाधणार. या घरात ही परीक्षा तिच्या सासूपासून चालत आली होती आणि गल्लीतल्या इतर घरांतही लोक वाटी घेऊन तिलाच बोलवायचे. मालनच्या, म्हणजे नातसुनेच्या दुधात मुंगी जी बुडाली, ती वर आलीच नाही. तेव्हापासून परसातल्या शेरडीचं दूध कापसाच्या बोळ्यानं बाळाला पाजत होते. मालनची छाती फडक्यानं आवळून बांधली होती. मालनला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरीच होती. तिच्या बाजूनं बोलायला कुणी येणार नव्हतं.

‘आजी, मुंगी पाण्यात सोडली तरी मरेल,’ मी म्हणाले.

‘मरू दे की. पानी कोन पाजतंय पोराला?’

‘पहिलं दूध घट्ट असतं, चिकट असतं. मुंगीचे पाय त्यात—’

‘शी न्यायला आलीस न्हवं?’ म्हातारी म्हणाली. ‘मग शी ने.’

मी आतून उकळत होते. मी लंगोट पाहत हिंडत होते म्हणून मला ठाऊक होतं, पाण्यानं सैल केलेलं शेरडीचं दूध, कुठल्यातरी वाटीतला कुठलातरी बोळा, आणि जेमतेम पाच-सहा दिवसांचं बाळ. एकदा जुलाब लागले, की असं बाळ दोन दिवसांत हातचं जातं. मी तशी बाळं पाहिली होती.

चहा आला. म्हातारीनं बशीत ओतून फुर्रकन घोट घेतला आणि डोळे मिटले. ‘आक्काताई, अलीकडं चा झ्याक करतीस बग तू,’ ती म्हणाली. आक्काताईंनी तिच्या बशीत आणखी थोडा ओतला.

डबी भरून मिळाली ती एका अटीवर. ‘तुज्या यंत्रात काय सापडंल त्ये मला यिऊन सांगायचं,’ म्हातारीनं बजावलं. ‘आमच्या पोराचं हाय. आमाला कळाय पायजे.’

मी कबूल केलं. निघताना आक्काताई लुनापर्यंत पोचवायला आल्या. बाळाचं अंग गरम वाटलं, शी पाण्यासारखी झाली, तर एक क्षण न थांबता दवाखाना गाठा, असं मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. पिशवीतली मीठ-साखरेची पाकिटं त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती निमूट घेतली.

‘तुम्हाला मुलं किती, आक्काताई?’ मी सहज विचारलं.

‘ह्यो दादूच. मालनचा नवरा.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘त्याच्या आदी एक हुता. ऱ्हायला न्हाई.’ आणि त्या आत वळल्या.

प्रयोगशाळेत आल्यावर मी डबी उघडली आणि बुचकळ्यात पडले. वरच्या दुधावरच्या बाळाची शी फिकट, घट्टसर आणि उग्र वासाची असते. ही पिवळीधमक होती, हळदीत मोहरी कालवावी तशी, आणि वास आंबूस, ताज्या विरजणासारखा. लोकांना हे वाचताना कसंतरी होईल, पण मला त्या वासानं बरं वाटायचं. आईच्या दुधावरच्या धडधाकट बाळाचा तो वास.

नमुना प्लेटांवर पसरून मी त्या हवाबंद बरणीत ठेवल्या. हे जिवाणू भिडस्त, हवा लागली की मरतात. तेव्हा आमच्या विभागात अशी बरणी एकच होती आणि तिच्यासाठी आम्हा विद्यार्थ्यांत रोज तू-तू मैं-मैं व्हायची. दोन दिवसांनी बरणी उघडली तर प्लेटा गच्च भरलेल्या. काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. गलोलीच्या बेचक्यासारखे, टोकाला फाटा फुटलेले जांभळे जिवाणू सगळीकडं विखुरलेले होते. आम्ही त्यांना बायफिडो म्हणायचो. आईच्या दुधात एक साखर असते, जी बाळाला स्वतःला पचतच नाही. ती जणू या पाहुण्यांसाठीच वाढून ठेवलेली असते. ती मिळाली की हे असे दाटीवाटीनं वाढतात. शेळीच्या दुधावर इतके वाढत नाहीत.

माझे मार्गदर्शक माईणकर सर. बुटके, चिडके, आणि मनानं लोणी. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘सुलभा, डबीवर नाव चुकलंय तुझं.’

‘नाही सर.’

‘मग बाई, घरी जाऊन झोप काढ. हे बाळ आईच्या दुधावरचं आहे.’

‘सर, त्या बाईचं दूध तोडलंय. मी स्वतः पाहिलं. वाटी, बोळा, शेळी, सगळं.’

‘शेळी पाहिलीस. बाळाला पिताना पाहिलंस?’

नव्हतं पाहिलं. मी पुन्हा गेले, पुन्हा डबी आणली, या वेळी नाव दोनदा लिहिलं. पुन्हा तेच. पिवळी, आंबूस, आणि बेचक्यांची जत्रा. सर कपाळाला हात लावून बसले. ‘माणसं काहीही सांगतात,’ ते म्हणाले. ‘पण आतडं खोटं बोलत नाही. जा, विचारून ये. नाहीतर ही दोन्ही फेकून दे.’

विचारणार कुणाला? रात्रभर तळमळत होते. सरांना नसलं, तरी मला ते कळलंच होतं. त्या घरात कुणीतरी चोरून बाळाला आईपाशी नेत होतं. मालन एकटीनं हे करणं शक्य नव्हतं. म्हातारीच्या हुकमावरून बाळ आक्काताईंच्याच ताब्यात होतं. दूध पाजायचं काम त्यांचं, नहाणं-माखणं त्यांचं. आणि मी जर सोप्यात बसून नको ते विचारलं असतं, तर बाळाच्या तोंडचा घास माझ्यामुळं गेला असता. मला इतकी धास्ती पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही वाटली नाही.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा बारसं होऊन गेलं होतं. बाळाचं नाव संग्राम ठेवलं होतं. म्हातारी सोप्यात डुलकी घेत होती. मी तशीच मागल्या दारानं परसात गेले. आक्काताई दगडावर लंगोट धूत होत्या.

‘आक्काताई,’ मी हळूच म्हणाले, ‘बाळ आईचं दूध पितंय ना?’

त्यांच्या हातातला लंगोट तसाच राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. ‘कोन बोललं?’

‘कुणी नाही. शीवरून कळलं.’

त्यांनी एकदा हातातल्या लंगोटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग माझं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट की बांगडी रुतली. त्यांनी मला आतल्या खोलीच्या दाराशी नेलं, दार किलकिलं केलं, मला आत ढकललं आणि मागोमाग आत येऊन दार लावून घेतलं.

आत धुरानं काही दिसेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हळूहळू बाजेवर बसलेली मालन दिसली. विशीची पोर, पदराखाली बाळ. छातीचं फडकं सोडून उशाला ठेवलेलं. बाळ चुळूकचुळूक पीत होतं आणि त्याची इवलीशी मूठ तिच्या पोलक्याला घट्ट धरून होती. मला पाहून मालन दचकली. तिनं पदर ओढला आणि बाळाला असं कवटाळलं, जणू मी त्याला घेऊन पळणारच होते.

‘ऱ्हाऊ दे, पाज तू,’ आक्काताई म्हणाल्या. ‘ताईस्नी ठावं हाय.’

मग मला सगळं कळलं. त्या खोलीतली शेगडी उगाच दिवसभर धुमसत नव्हती. बाळाला थंडी बाधली म्हणून, बाळंतिणीचं अंग दुखतंय म्हणून, काही ना काही निमित्त काढून आक्काताई तिच्यावर ओवा टाकत राहायच्या. दूध पाजायची वेळ झाली की म्हातारीच्या देखत वाटी भरून आत न्यायची, रिकामी करून बाहेर आणायची. या धुरात म्हातारी पाऊल टाकू शकत नव्हती. रात्री त्या सुनेपाशीच निजायच्या.

‘आणि शेळीचं दूध?’ मी विचारलं.

आक्काताईंच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं. ‘आत्तींच्या चामधी.’

मालन फिस्सकन हसली. मीही. तिघी धुरात डोळे पुसत, तोंडावर हात दाबून हसत होतो. हसता हसता मालनच्या डोळ्यांतलं पाणी वेगळंच व्हायला लागलं.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘खरंच चांगलं हाय का वो माजं दूध? ह्या आत्ती पाज म्हनत्यात म्हनून पाजतोय मी. पर त्यो झोपला की भ्या वाटतं. सारकी नाकाला बोट लावून बगतोय.’

इतके दिवस ती पोर आपण बाळाला विष तर पाजत नाही ना, या भीतीनं दूध पाजत होती. मला भडभडून आलं. ‘वेडे,’ मी म्हणाले, ‘शंभरावर बाळं तपासली मी. तुझ्या बाळाच्या पोटात जे आहे ना, ते कुणाच्याही पोटात नाही मिळालं इतकं चांगलं.’ तिचं समाधान करायला म्हणाले होते. पुढं ते अक्षरशः खरं निघालं. आम्लात, पित्तात घातले तरी तगून राहणारे, जुलाबाच्या जंतूंना शेजारी वाढूच न देणारे, माझ्या सगळ्या संग्रहातले सर्वांत चिवट जिवाणू याच बाळाचे होते. माझा प्रबंध त्यांच्यावरच उभा राहिला.

‘कुनाला सांगू नगासा,’ आक्काताई म्हणाल्या. ‘दात येईस्तवर कसं बी करून रेटतो मी.’

मी मान हलवली. तेवढ्यात सोप्यातून हाक आली. ‘आक्काताई, लुना हुबी हाय न्हवं दारात? पोरगी कुठं गेली?’

आम्ही बाहेर आलो. म्हातारी खूश होती. माझ्यासाठी तिनं बारशाच्या घुगऱ्या वाटीभर काढून ठेवल्या होत्या. त्या शिळ्या होऊन आंबल्या होत्या, पण मी खायला लागले. आक्काताई दोरीवरचे वाळलेले लंगोट मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी बसल्या आणि एकेक घडी घालू लागल्या.

‘मग? काय आलं यंत्रात?’ म्हातारीनं विचारलं.

‘बाळ एकदम चांगलं आहे, आजी.’

‘हुनारच! शेरडीचं दूध!’ तिनं मांडीवर थाप मारली. ‘गाल बगितलेस त्याचं? नर्सबाई मला शिकवाय आलती. आता बग म्हनावं. आन् शेवंताची सून भरत आलीया, चार घरं सोडून. दोन-चार दिसांत मोकळी हुईल. तिथं बी मीच जानार वाटी घिऊन. तिचं बी वंगाळ निघालं तर काय चिंता न्हाई, आमची शेरडी हाय की.’

मी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. आता बोलावं तर आक्काताईंना दिलेला शब्द मोडतो, मालनचं बाळ तिच्यापासून तुटतं. न बोलावं, तर चार घरं सोडून दुसरं एक बाळ येणार होतं, आणि त्याच्यासाठी शेगडी पेटवणारं त्या घरात कुणी असेलच असं नव्हतं. मी आक्काताईंकडं पाहिलं. त्या घडी घालायच्या थांबल्या होत्या.

त्यांनी लंगोट बाजूला ठेवले. उभ्या राहिल्या.

‘आत्ती,’ त्या म्हणाल्या, ‘शेरडीचं दूध तुमी पिताय.’

‘काय?’

‘चामधी घालतोय मी. पोर आईला पितंय. पयल्या दिसापासनं.’

मागच्या पडवीत भाता चालूच होता. मला वाटलं, म्हातारी आता घर डोक्यावर घेणार. पण ती माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रागाआधी त्यावर निव्वळ अविश्वास होता.

‘खोटं बोलतीया ही,’ ती म्हणाली. ‘व्हय गं? तुज्या यंत्रात काय आलं त्ये सांग. कबूल केलंयस तू मला.’

‘खरं बोलताहेत त्या, आजी,’ मी म्हणाले. ‘आईच्या दुधाशिवाय अशी शी होत नाही. मी दोनदा तपासली. बाळाचे गाल मालनच्या दुधाचे आहेत.’

‘पर मुंगी मेली हुती. माज्या डोळ्यांम्होरं मेली.’

‘मेली असेल. बाळ जगलंय.’

म्हातारीची बोटं मांडीवरच्या अर्धवट पैंजणावरून फिरत राहिली. कडी लागत नव्हती. तिनं पैंजण खाली ठेवलं. मग ती बोलली, पण आवाज तिचा वाटेना.

‘तुज्या थोरल्याच्या येळंला बी मुंगी मेली हुती, आक्काताई.’

‘व्हय.’

‘तवा का न्हाई पाजलंस? आता सुनंला चोरून पाजाय लावलंस. तवा माजं का ऐकलंस?’

हे विचारताना तिला दोष द्यायचा होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. आक्काताई रडल्या नाहीत. तीस वर्षं तयार असलेलं उत्तर असावं तसं त्या म्हणाल्या, ‘तवा मला कोन हुतं, आत्ती? तुमीच हुतासा.’

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जागचं हलताही येत नव्हतं. मी घुगऱ्यांच्या वाटीकडं बघत राहिले. आतून मालननं दार उघडलं असावं, कारण धूर सोप्यात यायला लागला. म्हातारीला खोकला आला. तो थांबल्यावर तिनं तोंड पुसलं.

‘इझीव ती शेगडी,’ ती म्हणाली. ‘गुदमारलं आसंल पोर. मालनला भाईर आन. हितं बसून पाजू दे, वाऱ्याला.’

मालन बाहेर आली. उजेडानं तिचे डोळे मिटत होते. भिंतीकडं तोंड करून ती बसायला लागली, तशी म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली. मी आधार द्यायला गेले तर तिनं माझा हात झटकला. रस्त्याकडच्या दारात जाऊन ती उंबऱ्यावर आडवी बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आत पडू नये म्हणून पदर दोन्ही हातांनी पसरून धरला.

‘शेवंताकडं तू जा,’ ती म्हणाली. ‘वाटी नगं न्हिऊस.’

आक्काताईंनी हुंकार दिला. त्या खाली बसल्या होत्या आणि घडी घातलेले लंगोट पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होत्या.

बाळ पीत होतं. म्हातारी आमच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत होती. तिच्या पाठीचे मणके पोलक्यातून दिसत होते.

‘आक्काताई,’ तिनं मागं न बघता विचारलं, ‘थोरल्याचं बारसं बी झालं न्हवतं. तू काय नाव ठेवनार हुतीस गं?’

आक्काताईंचे हात थांबले. ते नाव त्यांनी आजवर कधी मोठ्यानं उच्चारलं नसावं.

‘आनंदा,’ त्या म्हणाल्या.